कॉलेजची श्रेणी आणि क्रमवारी: पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांनी नॅक, एनआयआरएफ आणि क्यूएस कसे वाचावे

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोह्यातल्या वस्त्यांमधून आमच्याकडे एकच प्रश्न येतो. "दादा, कुठलं कॉलेज चांगलं?" त्यामागोमाग दुसरा: "त्याला ए ग्रेड आहे ना?" वडखळ, नागोठणे, कोलाडकडची मुलं पनवेलच्या कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन येतात. मुखपृष्ठावर कुठली ना कुठली श्रेणी किंवा क्रमांक छापलेला असतो आणि आईवडील तेवढंच पाहून फी भरायला तयार होतात. ज्या घरात पहिलंच मूल कॉलेजात चाललंय, तिथे विचारायला दुसरं कोणी नसतं. त्यामुळे ही श्रेणी आणि हे क्रमांक येतात कुठून, त्यांना जबाबदार कोण आणि आपल्या मुलामुलींना त्यांचा उपयोग किती, हे एकदा सविस्तर मांडायचं आम्ही ठरवलं.

आधी एक गोंधळ दूर करू. श्रेणी वेगळी आणि क्रमवारी वेगळी.

श्रेणी देते ती नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाने ती १९९४ मध्ये स्थापन केली आणि तिचं मुख्यालय बंगळुरूला आहे. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, सुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारा आधार, प्रशासन आणि संस्थात्मक मूल्ये अशा सात निकषांवर कॉलेजला ४ पैकी गुण मिळतात. ३.५१ च्या वर ए++, ३.२६ पासून ए+, ३.०१ पासून ए, मग बी++, बी+, बी आणि सी. १.५० किंवा त्याखाली गुण असतील तर अधिस्वीकृती नाही. श्रेणी साधारण पाच वर्षे चालते. इथे एका कॉलेजची दुसऱ्याशी तुलना होत नाही. ठरवलेल्या मापात ते किती बसतं तेवढं पाहिलं जातं.

क्रमवारी म्हणजे एनआयआरएफ. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१५ मध्ये ही पद्धत जाहीर केली आणि एप्रिल २०१६ मध्ये पहिली यादी आली. यात स्पर्धा असते, एक वर तर दुसरा खाली. भाग घेणं मात्र ऐच्छिक. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४५,४७३ महाविद्यालयं होती. एनआयआरएफच्या महाविद्यालय गटात २०२४ साली त्यांतली साडेतीन हजारही उतरली नव्हती. क्रमांक मिळतो तो पहिल्या शंभरांना, त्यापुढे १०१ ते १५०, १५१ ते २०० असे गट. वरच्या जागा दिल्ली, तामिळनाडू आणि केरळकडे जातात. २०२४ आणि २०२५ ला दिल्लीचं हिंदू कॉलेज पहिलं होतं. पेण-रोह्यातलं एकही कॉलेज पहिल्या शंभरात नाही. तेव्हा बीए, बीकॉमसाठी इथल्या इथे कॉलेज निवडायचं असेल तर या यादीचा काही उपयोग नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

आणखी एक पळवाट आम्ही नेहमी पाहतो. रायगडमधली बहुतेक पारंपरिक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.६५ गुणांसह ए++ मिळालं. काही माहितीपत्रकांत ते अशा जागी छापलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटावं, ही श्रेणी कॉलेजचीच. विद्यापीठाची श्रेणी संलग्न कॉलेजला लागू होत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावरची तारीख पाहा, मुदत संपली आहे का तेही पाहा.

शंभरातले दोन गुण

एनआयआरएफमध्ये गुण कशाला मिळतात ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या समाजाचा खरा प्रश्न तिथे आहे. विद्यापीठ आणि सर्वंकष गटात १०० पैकी ३० अध्यापन व साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० प्रतिमेला. महाविद्यालय गटात अध्यापनाचं वजन जास्त आणि संशोधनाचं कमी आहे. प्रतिमा म्हणजे इतर प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना त्या संस्थेबद्दल काय वाटतं. ज्याचं नाव आधीच मोठं, त्याला हे दहा गुण सोपे.

सर्वसमावेशकतेचे जे १० गुण, त्यांची पुन्हा विभागणी होते. त्यातला ३० टक्के भाग परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के महिलांना, २० टक्के दिव्यांगांसाठीच्या सोयींना आणि २० टक्के आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना. म्हणजे दहाचे वीस टक्के. शंभरातले दोन गुण!

हे दोन गुणही किती मागास विद्यार्थी शिकतात यावर मिळत नाहीत. किती विद्यार्थ्यांना संपूर्ण शिक्षण शुल्काची भरपाई मिळाली, यावर मिळतात. उलट परराज्यांतली मुलं आली तर तीन गुण. आता रोह्याच्या कॉलेजकडे पाहा. तिथे येणारी मुलं कुंडलिकेच्या खोऱ्यातली, धाटावच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांची, कातकरी आणि ठाकूर वाड्यांतली. पेणला हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत रंगकाम करून शिकणारी मुलं आहेत. या मुलांना पदवीपर्यंत नेणं हे मोठं काम आहे. पण बिहारचा किंवा नेपाळचा विद्यार्थी रोह्याला बीकॉम करायला येत नाही, म्हणून त्या रकान्यात शून्य. स्थानिक वंचितांना शिकवणं हे या मापात जवळजवळ दिसतच नाही.

रोह्याच्या संदर्भात एक गोष्ट आम्हाला लक्षात घ्यावीशी वाटते. इथल्या वाणिज्य महाविद्यालयाला डॉ. सी. डी. देशमुखांचं नाव आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, हे कमी जणांना ठाऊक असतं. ज्या आयोगाने पुढे नॅक जन्माला घातली, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत रायगडचाच माणूस प्रमुख होता. आज त्या आयोगाच्या आणि मंत्रालयाच्या मापात रायगडचं खेड्यातलं कॉलेज कुठे बसतं, हा प्रश्न म्हणून आम्हाला जास्त टोचतो.

माहिती कोण तपासतं?

दोन्ही पद्धतींचा पाया एकच आहे: कॉलेजने स्वतः भरून दिलेली माहिती. नॅक त्यातली काही माहिती पडताळते आणि समिती पाठवून प्रत्यक्ष भेटही घेत असे. पण ही भेटच किती विश्वासार्ह, हा प्रश्न आता उघड्यावर आला आहे. मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांकडे बोट दाखवत राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्र प्रदेशातल्या गुंटूर जिल्ह्यातील एका अभिमत विद्यापीठाच्या प्रकरणात दहा जणांना अटक केली. त्यांत नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य होते. चांगल्या श्रेणीसाठी रोख, सोनं, मोबाइल आणि लॅपटॉप दिल्या-घेतल्याचा आरोप आहे. त्याआधी, जानेवारी २०२४ मध्ये, इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून श्रेणी काढून टाकून "अधिस्वीकृत" किंवा "अधिस्वीकृत नाही" एवढंच ठेवायचं जाहीर झालं होतं. एवढं सगळं होऊनही प्रवेशद्वारावरच्या ए ग्रेडच्या कमानी मात्र आपल्या जागी आहेत.

एनआयआरएफवर न्यायालयात आक्षेप आला. संस्थांनी दिलेली माहिती न तपासता क्रमांक लावले जातात, या तक्रारीवर मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये यादी जाहीर करण्यास अंतरिम स्थगिती दिली होती. यादी अखेर ४ सप्टेंबर २०२५ ला आली.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कोलंबिया विद्यापीठाचं नाव आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले. अमेरिकेत यूएस न्यूज या नियतकालिकाची क्रमवारी १९८३ पासून चालत आली आहे आणि कोलंबिया तिच्यात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने दिलेले आकडे खरे नाहीत असं सविस्तर लेख लिहून दाखवलं. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग सुमारे ८३ टक्के असल्याचं विद्यापीठाने कळवलं होतं. पुढे त्याच विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या माहितीत हा आकडा ५७ टक्के निघाला. चुकीची माहिती गेल्याचं विद्यापीठाला मान्य करावं लागलं आणि सप्टेंबर २०२२ च्या यादीत कोलंबिया थेट १८ व्या क्रमांकावर आलं. वर्षभरात शिक्षणाचा दर्जा सोळा पायऱ्या घसरला असं नव्हे, आकडे दुरुस्त झाले एवढंच. यात आमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की चूक क्रमवारीवाल्यांनी पकडली नाही. संस्थेच्या आतल्या एका माणसाने, सगळ्यांना उपलब्ध असलेले कागद समोर ठेवून पकडली.

आपल्या आयआयटीही गप्प बसल्या नव्हत्या. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह सात जुन्या आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीवर पारदर्शकतेच्या मुद्द्यावरून बहिष्कार घातला. मोठ्या संस्थांना असं नाही म्हणता येतं. आपल्या विद्यार्थ्याला येत नाही, कारण क्रमवारी आता त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात येऊन बसली आहे.

परदेशी शिष्यवृत्ती आणि दोनशेचा आकडा

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ जागा. २०२४-२५ च्या जाहिरातीनुसार परदेशातली संस्था क्यूएस जागतिक क्रमवारीत २०० च्या आत असावी लागते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत हीच मर्यादा ५०० आहे. (अटी बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सअॅप संदेशावर जाऊ नका.)

क्यूएस ही लंडनची खासगी कंपनी आहे. तिच्या सध्याच्या पद्धतीत ३० टक्के गुण प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला आहेत. म्हणजे जवळजवळ निम्मा निकाल लोकांच्या मतांवर. हीच कंपनी विद्यापीठांना पैसे घेऊन तारांकन देण्यासारख्या सेवाही विकते. अशा कंपनीच्या यादीवर आपलं सामाजिक न्याय खातं कुणाला पाठवायचं ते ठरवतं.

याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणावरून कळेल. इंग्लंडमधलं ससेक्स विद्यापीठ क्यूएसच्याच विषयवार यादीत विकास अध्ययन या विषयात २०१७ पासून सलग अनेक वर्षे जगात पहिलं ठरलं. पण सर्वसाधारण यादीत ते २०० च्या बाहेर आहे. रोह्यातल्या एखाद्या मुलीला स्थलांतरित वीटभट्टी मजुरांवर विकास अध्ययनात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल आणि जगातल्या सर्वोत्तम विभागाने तिला प्रवेश दिला, तरी राज्याच्या अटीत ती बसणार नाही. तिला केंद्राच्या योजनेकडे जावं लागेल. दोनशेच्या आतल्या एखाद्या विद्यापीठाचा तोच विभाग सामान्य असला तरी तो मात्र चालेल.

सरकारी पैसा भुरट्या संस्थांकडे जाऊ नये म्हणून काहीतरी चाळणी हवी, हे आम्हाला मान्य आहे. एजंट लोकांनी परदेशातल्या भलत्याच कॉलेजांत मुलं पाठवल्याचे अनुभव सगळीकडे ऐकू येतात. पण ती चाळणी विषयवार क्रमवारीची ठेवता येते, आणि संघटनांनी खात्याकडे मागणी करायची असेल तर ती ही करावी. नुसती "अट रद्द करा" ही मागणी टिकणार नाही.

क्रमांक सोडा, कागद वाचा

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग हे सगळं फेकून द्यायचं का? नाही. क्रमवारीत आपल्याला कामाची गोष्ट क्रमांक नव्हे, त्यासाठी भरलेले कागद आहेत. हे कागद एरवी कोणी दाखवले नसते.

एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. "एनआयआरएफ" असं लिहिलेल्या जागी पीडीएफ मिळते. त्यात प्रवेशक्षमता, एकूण विद्यार्थी, मुली किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, पूर्ण शुल्क भरपाई सरकारकडून किती जणांना, संस्थेच्या पैशातून किती जणांना आणि कुणालाच न मिळालेले किती, असे रकाने असतात. आम्ही सगळ्यात आधी दोन आकडे शेजारी ठेवतो: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले आणि ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केलेले. शंभर आत गेले आणि पंचेचाळीस बाहेर पडले, तर उरलेले कुठे गेले हा प्रश्न विचारायला आधार मिळतो. त्याच्याच खाली नोकरी लागलेले किती आणि त्यांचा मध्यम पगार किती, तेही असतं. "शंभर टक्के प्लेसमेंट"च्या फलकाशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

या फॉर्ममध्ये एक मोठी खोट आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी हे तिन्ही एकाच रकान्यात मोजले जातात. त्यामुळे एखाद्या कॉलेजात अनुसूचित जमातीचा एकही विद्यार्थी नसला तरी आकडा भरघोस दिसू शकतो. बौद्ध म्हणून वेगळा रकाना तर नाहीच. नॅकची माहिती इथे जास्त उपयोगी पडते. कॉलेजचा स्वयंमूल्यांकन अहवाल आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर असतो. त्यातल्या दुसऱ्या निकषात राखीव जागांपैकी किती भरल्या, ते प्रवर्गनिहाय तक्त्यासह येतं. मंजूर पदांपैकी पूर्णवेळ प्राध्यापक किती, तेही तिथेच. तासिका तत्त्वावर चालणारं कॉलेज इथे उघडं पडतं. पाचव्या निकषात शासकीय शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप घेणारे विद्यार्थी किती, ते सापडतं.

तरी आपल्या मुलांचा सगळ्यात मोठा प्रश्न या कुठल्याच कागदात नाही. महाडीबीटीवर भरलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये किती दिवस पडून राहतो? प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडूनही पूर्ण फी मागतात का? शिष्यवृत्ती विभागाचा कारकून कोण आणि तो भेटतो का? पहिल्या वर्षाला शिष्यवृत्ती अडकली म्हणून दुसऱ्या वर्षाला नाव न नोंदवलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. त्या मुलांसाठी कॉलेज ए++ होतं की बी, याने काही फरक पडला नाही. म्हणून प्रवेशाआधी त्या कॉलेजात शिकणारी आपल्या वस्तीतली दोन-तीन मुलं गाठा आणि एवढंच विचारा. याची कुठलीही अधिकृत क्रमवारी नाही. कार्यकर्त्यांनीच वहीत नोंद ठेवली तर तालुक्यापुरती ती होऊ शकते.

कॉलेजात आत्ता शिकत असाल तर आणखी एक. नॅकच्या फेरीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं. निवडलेल्या विद्यार्थ्यांना नॅककडून थेट ईमेल येतो: वीस वस्तुनिष्ठ प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न. कुठे कुठे "चांगलंच भरा" असं वर्गात सांगितलं जातं. ईमेल तुमचा आहे, उत्तर तुमचं आहे. मोकळ्या प्रश्नात शिष्यवृत्तीचं लिहा.

प्रत्येक अधिस्वीकृत कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो. नॅकच्याच मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यात स्थानिक समाजाचा, विद्यार्थ्यांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी हे नाव संस्थाचालकांच्या ओळखीतलं असतं आणि गावाला त्याचा पत्ता नसतो. पेण आणि रोह्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना लेखी पत्र देऊन ही नावं आणि बैठकांची इतिवृत्तं मागावीत. पुढच्या वेळी आपल्यातलं नाव सुचवावं.

संकेतस्थळावर माहिती नसेल तर अनुदानित कॉलेजला माहिती अधिकार कायदा लागू आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. म्हणून प्रवेश, शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकांची पदं असे तीन वेगळे अर्ज करा. शिष्यवृत्तीच्या अर्जात विषय असा लिहिता येईल: "मागील तीन शैक्षणिक वर्षांत महाडीबीटीवर आलेले अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांचे अर्ज, महाविद्यालय स्तरावर मंजूर, नामंजूर व प्रलंबित यांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि प्रलंबित अर्जांची कारणे." कोणाचंही नाव मागू नका, फक्त संख्या मागा, म्हणजे वैयक्तिक माहितीचं कारण दाखवून अर्ज फेटाळता येणार नाही. उत्तर आलं की त्याची प्रत आणि त्याच वर्षाची एनआयआरएफची पीडीएफ शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते पाहा.